फुकटचा चढ

आमच्या वन्सं घड्याळाच्या बाजूनं भांडतात. जग एकीकडे आणि त्यांच्या मनगटावरचं घड्याळ दुसरीकडे असं झालं, की त्या क्षणाचाही विचार न करता घड्याळाच्या बाजूला जाऊन उभ्या राहतात. एका रविवारी त्यांचा जीव वाचणार की नाही हे याच सवयीवर ठरणार होतं, आणि त्या दिवशी त्यांची बाजू घ्यायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

वन्सं म्हणजे सुनेत्रा शेवाळे, माझ्या नवऱ्याची, हेरंबची, थोरली बहीण. 'वन्सं' हा शब्द माझ्या आईच्या पिढीतच मागे पडला. लग्नानंतर मी त्यांना चिडवायला म्हणून तो सुरू केला आणि तो चिकटला. त्या वैधमापन खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या. दुकानदारांची वजनं-मापं तपासून त्यांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. अजूनही त्या भाजीवाल्यासमोर उभ्या राहिल्या की तो न सांगता एक टोमॅटो जास्त टाकतो. मी रेवती. ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि वन्संनी दुसऱ्याच दिवशी मला पहाटे उठवून पळायला नेलं. तेव्हापासून मी 'दमछाक मंडळा'ची सभासद आहे.

मंडळाचं नाव खरंच असं आहे. दर रविवारी आम्ही पंधरा-वीस जण मोरवंडीच्या सड्यावर धावत चढतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. पायथ्याशी बाबरांची चहाची टपरी आहे आणि टपरीशेजारी जुन्या काळी मोजणीवाल्यांनी पुरलेला दगड. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे. गावाने त्याला केव्हाच शेंदूर लावून देव करून टाकलं, पण आकडा बुजवला नाही. धावायच्या आधी प्रत्येकाने त्या दगडाला हात लावायचा आणि घड्याळाची उंची त्या आकड्यावर आणून ठेवायची, हा वन्संचा नियम. "माप घ्यायच्या आधी काटा शून्यावर लागतो, तसं आहे हे," असं त्या सांगत. नवीन सभासद हसायचे आणि मग मुकाट्याने हात लावायचे.

घड्याळाला उंची कशी कळते तेही सांगते. त्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून शिरलेली हवा आतल्या एका पातळ पापुद्र्याला दाबते. आपण वर गेलो की डोक्यावरची हवा तेवढी कमी होते, दाब उतरतो. साधारण नऊ मीटर चढलं की दाब हजारातला एक भाग घटतो, आणि आताची घड्याळं तर त्याच्याही शंभराव्या भागाची नोंद ठेवतात. म्हणजे माणूस खुर्चीवरून उठला तरी घड्याळाला कळतं. पण त्या भोकात घाम, क्रीम, साबण जाऊन बसला की सगळं बिनसतं. घरात झोपलेला माणूस रात्रीत कळसूबाई चढून येतो. त्यावर उपाय एकच, कोमट पाणी आणि लहान मुलाचा मऊ दातांचा ब्रश.

आमच्या सड्यावरचा बिघाड मात्र ब्रशने जात नव्हता.

सड्याच्या कडेला एक कपार आहे. वारा लागत नाही म्हणून आम्ही तिथे बसून शेंगा खायचो. तिथे बसलं की सगळ्यांची घड्याळं हलकेच वर-खाली व्हायची. चार मीटर वर, मग तेवढंच खाली, अशी एक फेरी तीन-चार मिनिटांत पुरी, की पुन्हा वर. माणूस जागचा हललेला नाही, आणि घड्याळ मात्र चढ मोजतंय. मंडळात महिन्याला सर्वांत जास्त चढणाऱ्याला टोपी मिळायची. तेव्हा हा शोध लागल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. लोक कपारीत गप्पांचा फड लांबवू लागले. दोघा महाभागांनी तर घड्याळं कपारीतल्या करवंदीच्या जाळीवर टांगली, घरी जाऊन मटण खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी हिमालयाएवढा चढ खिशात घालून परत आले. मंडळात त्याला 'फुकटचा चढ' म्हणायचे.

वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईने दुकानदारांनी पारड्याखाली चिकटवलेला गूळ शोधण्यात हयात घालवली, तिच्या डोळ्यांदेखत हे चाललेलं. त्यांनी घड्याळाच्या कंपनीला तक्रारींवर तक्रारी केल्या. अशा तक्रारी जगभरातून येत असाव्यात, कारण काही महिन्यांनी कंपनीने सगळ्या घड्याळांत 'उंचीदुरुस्ती' आणली. घड्याळाचा आकडा आणि उपग्रहाच्या नकाशावरची जमिनीची उंची जुळली नाही, तर घड्याळाने नकाशाचं ऐकायचं. फुकटचा चढ एका फटक्यात बंद पडला. सगळे खूश झाले आणि टोपी पुन्हा पळणाऱ्याच्या डोक्यावर गेली.

आणि वन्संनी त्यांच्या घड्याळातली दुरुस्ती बंद करून टाकली.

"अहो, तुम्हीच ना तक्रार केली होती?" मी त्या रविवारी चढता चढता विचारलं.

"मी काटा का हलतो ते शोधा म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी काटाच रंगवून टाकला. तराजू झुकतोय म्हणून कोणी दांडीला दोरी बांधतं का?"

"वन्सं, एवढ्या घड्याळांत तुमचं एकटीचंच बरोबर?"

"सगळ्यांचीच बरोबर होती. म्हणून तर म्हणते. वीस तराजू एकाच जागी एकाच वेळी एकाच बाजूला झुकतात, तेव्हा तराजू तपासायचे नसतात, पारड्यात काय आहे ते बघायचं असतं."

मला दम लागला होता आणि भूक लागली होती. मी म्हटलं, "काढा शोधून मग एकदाचं, म्हणजे आम्हीही सुटलो." हे मी जरा तोडूनच बोलले. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि त्या पुढे चढू लागल्या.

कपारीतून आम्ही खाली निघालो तेव्हा त्या मागे थांबल्या. अर्ध्या वाटेत मंडळाच्या गटावर त्यांचा संदेश आला: 'फुकटच्या चढाचा सोक्षमोक्ष लावून येते. चहा माझ्यासाठी ठेवू नका, गार होईल.' आम्ही हसलो. टपरीवर चहा झाला, पोहे झाले, उन्हं वर आली. वन्सं आल्या नाहीत. फोन लागेना. बाबर दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "वैनी, ताईंची काय चिन्हं दिसंनात. माणसं घिऊन वर जावा तुमी."

आम्ही वर जायला निघणार तोच त्यांच्या घड्याळाने मदतीची हाक दिली. पडल्यावर माणूस हलला नाही तर घड्याळ आपणहून अशी हाक देतं, आणि ती थेट उपग्रहाकडे जाते. तीच माहिती जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाकडे गेली. तासाभरात नायब तहसीलदार खरमाटे गाडी घेऊन टपरीपाशी आले, आणि मागोमाग गिर्यारोहकांचं बचाव पथक आलं. पथकाची प्रमुख नीलोफर मुजावर माझीच विद्यार्थिनी, भूगोलात काठावर पास झालेली. तिने येऊन माझा हात धरला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

खरमाट्यांच्या पडद्यावर नकाशा होता. त्यावर एक मोठं वर्तुळ होतं, कारण घड्याळाला आकाशाचा लहानसाच तुकडा दिसत होता आणि नेमकी जागा लागत नव्हती. वर्तुळात सड्याची कड होती, खालचा कडा होता आणि कड्याखालचं जंगलही होतं. घड्याळाची उंची सांगत होती, की वन्सं सड्यापेक्षा चाळीस मीटर खाली आहेत.

"म्हणजे कड्यावरून घसरल्या," खरमाटे हळू आवाजात म्हणाले. "वर्तुळात त्या उंचीची जमीन एवढीच आहे, हा कड्याखालचा पट्टा. यंत्रणेने ठिपका तिथेच टाकलाय. जिवंत आहेत, बाई. नाडी चालू आहे. पण अंग गार पडत चाललंय."

पथक दोर घेऊन जंगलाकडे धावलं. हेरंब त्यांच्याबरोबर गेला. उडती यंत्रं झाडांवरून फिरू लागली, माणसाच्या अंगाची ऊब शोधत. मी टपरीच्या बाकावर बसून राहिले. उपग्रह बरोबर डोक्यावरून गेला की घड्याळाकडून मधल्या वेळेच्या नोंदी एकदम यायच्या, मग पुन्हा शांतता. दुपार टळली तरी जंगलात काही सापडलं नव्हतं. नाडीचे ठोके प्रत्येक खेपेला थोडे कमी होत होते.

"त्या नोंदी मला दाखवता?" मी खरमाट्यांना म्हटलं. काहीतरी करायला हवं म्हणून म्हटलं, दुसरं कारण नव्हतं.

त्यांनी उंचीची ओळ मोठी केली. ती सरळ नव्हती. लाटेसारखी वर जात होती, खाली येत होती. सहा मीटर वर, सहा मीटर खाली.

"सेन्सर बिघडलाय," ते म्हणाले. "पडल्यावर होतं असं. चिखल बसला असेल भोकात. आम्ही सरासरी धरलीय."

चिखलाने भोक बुजलं तर घड्याळ अडखळतं, उड्या मारतं, एखाद्या आकड्यावर अडून बसतं. ही लाट अडखळत नव्हती. एकसारखी, शांत, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी ती चालली होती. मी एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचा वेळ पाहिला आणि पुन्हा एकदा मोजला. तीन-चार मिनिटं. ती आमच्या कपारीचीच लाट होती, फक्त दीडपट मोठी.

मी वर्गात दरवर्षी एक वाक्य शिकवते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, त्याचा वरचा थर आधी थिजला, आणि काही ठिकाणी आतला वितळलेला रस पुढे निघून गेल्यामुळे पोकळ नळ्या उरल्या. परीक्षेला दोन गुणांना येतं. मी ते वाक्य इतक्या वेळा बोलले आहे, की त्याचा अर्थ माझ्यापुरता झिजून गेला होता. टपरीच्या बाकावर बसल्या बसल्या तो मला पहिल्यांदा कळला.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते. बाटली जितकी मोठी, तितका आवाज खर्जातला. बाटली डोंगराएवढी असेल, आणि तिच्या तोंडावरून सड्याचा वारा वाहत असेल, तर तो आवाज कुठल्याच कानाला ऐकू येणार नाही. एक हेलकावा पुरा व्हायलाच काही मिनिटं लागतील. हवा आत जाईल, आतला दाब वाढेल, घड्याळाला वाटेल आपण खाली उतरलो. हवा बाहेर येईल, दाब घटेल, घड्याळ म्हणेल आपण चढलो. तोंडाशी हा हेलकावा लहान असेल, आत मोठा असेल. वन्सं तोंडाशी नव्हत्या.

"त्या कड्याखाली नाहीत," मी उठून उभी राहिले. "डोंगरात आहेत."

खरमाट्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक शोकाकुल नातेवाइकांकडे पाहतात. "मॅडम, पथक एकच आहे. खालून वर आणायचं म्हणजे तास-दीड तास. आणि तुम्ही चुकीच्या ठरलात तर अंधार पडेल. एका बिघडलेल्या आकड्यावर मी..."

"मी वर जाऊन तुम्हाला दुसरा आकडा देते," मी म्हटलं.

तो चढ मी आयुष्यात एवढ्या वेगाने कधी चढले नव्हते. दगडाला हात लावून, घड्याळातली दुरुस्ती बंद करून निघाले. कपारीत पोचले तेव्हा छाती फुटायची बाकी होती. सकाळी आम्ही टाकलेली शेंगांची टरफलं कुठेच नव्हती. ती नेहमीच नाहीशी होतात. वाऱ्याने जात असतील असं आम्ही म्हणायचो, आणि कपारीत तर आम्ही वारा लागत नाही म्हणून बसायचो. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नाही. मी खिशातल्या उरलेल्या शेंगा फोडून टरफलं मागच्या भिंतीपाशी टाकली आणि बसून राहिले. थोडा वेळ ती पडून होती. मग हळूहळू सरकायला लागली, भिंतीच्या बुडाशी एक फट होती तिच्याकडे, एकामागून एक, आणि आत गेली. माझं घड्याळ खाली उतरत होतं. मग ते थांबलं, चढू लागलं, आणि फटीतून माझ्या घोट्यांवर ऊबदार हवा आली. त्या हवेला ओल्या मातीचा वास होता.

मी माझी लाट खरमाट्यांना पाठवली. उपग्रहाची पुढची फेरी झाली आणि वन्संच्या नोंदी आल्या. त्यांनी दोन्ही लाटा एकमेकींखाली ठेवल्या. माझी लहान, वन्संची मोठी, आणि दोघींची शिखरं एकाच वेळी.

खरमाट्यांनी जंगलातल्या पथकालाही त्याच फोनवर जोडून घेतलं. मग हेरंबचा आवाज आला. तो खाली जंगलात होता. "रेवती, नकाशा खोटा कसा असेल? इथे एवढी माणसं शोधतायत. तुझी खात्री आहे?"

"नकाशा खोटा नाही. त्याला वरची जमीन तेवढी माहीत आहे," मी म्हटलं. "हेरंब, ताईंचं घड्याळ बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबर होतं. माझं ऐक आणि पथकाला वर आण."

"आणि चुकलं तर?" खरमाट्यांनी विचारलं.

"तर मी चुकले असं लिहा."

"मी निघाले," मधेच नीलोफर म्हणाली, आणि तिचा फोन बंद झाला.

ते येईपर्यंत मी कारवीच्या झुडपांत तोंड शोधत फिरले. माणूस आत जाईल एवढी फट नव्हती, म्हणजे दुसरं तोंड असणार. डोंगराच्या प्रत्येक उच्छ्वासाला मी उभी राहून झुडपांकडे पाहायची. कपारीच्या वरच्या अंगाला एका ठिकाणी कारवीची वाळकी पानं वारा नसताना हलली. तिथे मातीचा पातळ पापुद्रा खचून एक तिरकं भगदाड पडलं होतं, आणि काठावर वन्संची पाण्याची बाटली अडकली होती. मी पालथी पडून आत डोकं घातलं आणि हाक मारली, "वन्सं."

माझा आवाज आत गेला आणि गेलाच. विहिरीत हाक मारली तर ती लगेच परत येते. ही परत आली तेव्हा मला वाटलं कोणी दुसरंच मारतंय. ती कुठेतरी खूप लांब जाऊन, कशाला तरी लागून, म्हातारी होऊन परत आली. आणि तिच्या मागोमाग एक बारीक आवाज आला.

"ओरडू नकोस. ऐकू येतंय."

मी तिथेच मातीत तोंड घालून रडले.

नीलोफर आणि तिची दोन माणसं उतरली. तिरक्या उतारावरून पालापाचोळ्याच्या राशीवर वन्सं घसरत गेल्या होत्या, म्हणून हाड मोडण्यावर निभावलं होतं. वॉकीटॉकीवर नीलोफर सगळं नीट सांगत होती: मांडीचं हाड मोडलंय, शुद्ध आहे, आत रक्त गेल्यामुळे अंग गार पडलंय, स्ट्रेचर बांधायला वेळ लागेल. मग मधेच ती बोलायची थांबली.

"नीलोफर?" हेरंबने विचारलं. तो नुकताच धापा टाकत वर पोचला होता.

"सर, मी बॅटरी पुढे मारली," ती म्हणाली. "समोरची भिंत लागत नाहीये."

पुन्हा खरखर झाली आणि ती म्हणाली, "मॅडमना खाली पाठवा. आम्हा तिघांना दोराचं बघायचंय, कोणीतरी यांना बोलतं ठेवायला हवं. त्या दुसऱ्या कोणाशी बोलायला तयार नाहीत."

मला उंचीची भीती वाटते. मंडळात कोणाला माहीत नाही, कारण डोंगर धावत चढताना मागे बघावं लागत नाही. मी हेरंबकडे पाहिलं. त्याने माझा पट्टा आवळला, दोनदा ओढून पाहिला, आणि मी उतरले.

खाली वन्सं चांदीसारख्या चमकणाऱ्या बचावाच्या कागदात गुंडाळलेल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझा हात घेतला. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना हळदीकुंकू लावलं आहे, एकमेकींच्या हातचं लोणचं नावं ठेवत खाल्लं आहे, पण हात हातात घेऊन बसलो नव्हतो.

"फार दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय. नीलोफर, तो मोठा दिवा एकदा मार बाई. हिला दाखव."

नीलोफरने दिवा उचलला. उजेड आधी छतावर गेला, आणि छत कमानीसारखं गुळगुळीत, काळं, वर वर चढत गेलं. एखाद्या देवळाचा कळस त्याखाली सहज उभा राहिला असता. मग तिने उजेड पुढे फिरवला. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आडव्या रेघा होत्या, लाव्हाची पातळी उतरत गेली तसतशा उरलेल्या, पुराचं पाणी ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहतात तशा. त्या रेघा दूर दूर जात अंधारात मिळाल्या आणि उजेड तिथे संपला. आमचा सडा, ज्यावर आम्ही वर्षानुवर्षं पाय आपटत धावलो, त्याच्याखाली एवढी जागा होती. बिबटे नव्हते, वटवाघळं नव्हती, पाचोळ्याच्या राशीपलीकडे दगडांवर धूळसुद्धा नव्हती. माणूस नावाचा प्राणी जन्मला नव्हता तेव्हापासून हे दालन असंच होतं, आणि त्याने कोणाचीही वाट पाहिलेली नव्हती. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. माझ्याकडे त्याचं शास्त्रीय नाव होतं, आणि ते नाव मला उच्चारवेना.

"आता दिवा बंद कर," वन्सं म्हणाल्या.

अंधार झाला. आणि मग ते आलं. आधी कानात दडा बसल्यासारखं झालं. मग त्या प्रचंड पोकळीतून हवा आमच्याकडे निघाली, आवाज न करता, सगळीकडून एकदम, आणि माझ्या कपाळावरचे केस उडाले. मी श्वास रोखून बसले. ती हवा आम्हाला ओलांडून वर गेली, थांबली, आणि तितक्याच सावकाश परत आत फिरली.

"पहिल्यांदा मला वाटलं कोणीतरी आहे," वन्सं हळू बोलत होत्या. "खूप घाबरले. रामरक्षा म्हणायला लागले, तर मधल्या ओळी आठवेनात. मग घड्याळ बघत बसले. वर सहा, खाली सहा. वर सहा, खाली सहा. म्हटलं, जे मोजता येतं त्याला काय घाबरायचं. आणि मग ना, रेवती, मोजणंही सुटलं. नुसती ऐकत पडले. एवढं मोठं कोणीतरी इतक्या शांतपणे श्वास घेतंय, आणि मी त्याच्या कुशीत आहे. मला जायचंसुद्धा वाटेना."

"असलं बोलू नका."

"खरं तेच सांगते. डोळे मिटत होते माझे. बरं वाटत होतं. तेवढ्यात तू वरून वासरासारखी ओरडलीस."

त्यांची बोटं बर्फासारखी होती. मी ती माझ्या काखेत धरली आणि आम्ही दोघी तशाच बसलो. तीन-चार हेलकावे गेले असतील. खरमाट्यांच्या पडद्यावर वन्संची नाडी आता वाढत चालल्याचं वरून कोणीतरी ओरडून सांगितलं. त्यांना तिथे सोडून शांत मरू देण्याइतकी ती जागा सुंदर होती, आणि मला तिचा रागही येत होता. मला त्या वर हव्या होत्या, नाक वर करून भांडणाऱ्या.

स्ट्रेचर बांधून झालं. नीलोफरने वर इशारा द्यायला वॉकीटॉकी उचलली.

"थांब," वन्सं म्हणाल्या. "आत्ता आत घेतोय. आत्ता ओढलंत तर सगळा पाचोळा आणि माती तोंडावर येईल आमच्या. बाहेर सोडायला लागला की मी सांगते."

मंडळातल्या कोणा पोराने हे म्हटलं असतं तर नीलोफरने ऐकलं नसतं. पण ती थांबली. आम्ही सगळेच थांबलो. हवा आमच्या अंगावरून आत गेली, मंद होत होत स्थिर झाली. क्षणभर काहीच हललं नाही. वन्संनी माझा हात दाबला.

"आता," त्या म्हणाल्या.

दोर ताणला. स्ट्रेचर उचललं गेलं, आणि त्याच्या कडेला धरून मीही. आणि खालून ती ऊबदार हवा निघाली, माझ्या पाठीला लागली, वन्संच्या अंगावरचा चांदीचा कागद फुगवत आमच्याबरोबर वर चढू लागली. उतारावरची वाळकी पानं आमच्या पुढे पुढे उजेडाकडे जात होती. मी खाली बघायची भीती विसरले. मला वाटलं, दोर नसता तरी चाललं असतं.

वर सूर्य टेकला होता आणि भगदाडाभोवती सगळं मंडळ उभं होतं. त्या क्षणाबद्दल हेरंब नंतर वर्तमानपत्रवाल्यांना, शास्त्रज्ञांना, दूरदेशाहून आलेल्या पाहुण्यांना एवढंच सांगत राहिला. तो म्हणायचा, "काठावरची कारवी एकदम उभी राहिली. आधी वारा आला, आणि मग ताई आली."